वाचकांचे प्रश्न : सातला घरी, आठला पानात पोर्क कॅसरोल

प्रश्न : आम्ही इंदिरानगरला राहतो. माझे पती अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत आणि मी कॉलेज रोडवरच्या एका कार्यालयात काम करते. घरी पोहोचायला दोघांनाही सात वाजतात आणि मुलांना साडेआठच्या आत जेवायला लागते. दिवाळीत ३० लिटरचा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) घेतला, परंतु केक आणि नानकटाईपलीकडे त्याचा उपयोग झाला नाही. माझ्या माहेरी पोर्क नेहमी होत असे, म्हणून गेल्या आठवड्यात पाऊण किलो बोनलेस पोर्क आणले. काचेच्या भांड्यात कच्च्या बटाट्यांच्या चकत्या, नवा लाल कांदा, टोमॅटोची प्युरी, दोन चमचे व्हिनेगर आणि मांसाचे तुकडे असे थर रचून ते ५० मिनिटे १८० अंशांवर भाजले. बाहेर काढले तेव्हा वरचे तुकडे कोरडे आणि चिवट झाले होते, तळाशी पाणी साचले होते आणि बटाटे चक्क कच्चे होते. सगळे एकाच भांड्यात घालून ओव्हनमध्ये ठेवायचे, हीच तर कॅसरोलची सोय म्हणतात. मग चुकले कुठे? सासूबाई म्हणाल्या की पोर्कमधला किडा मेंदूत जातो, आणि उरलेले सगळे टाकून द्यावे लागले. त्यात कितपत तथ्य आहे, हेही कळवावे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कॅसरोल म्हटले की आपल्याकडे डोळ्यांपुढे येतो तो पोळ्या गरम ठेवण्याचा, दुहेरी भिंतीचा प्लास्टिकचा डबा. (त्याला ओव्हनच्या आसपासही नेऊ नये, हे सांगायला नको, तरीही सांगून ठेवते.) मूळ फ्रेंच शब्द भांड्याचाच आहे आणि त्या भांड्यात शिजवलेल्या पदार्थालाही पुढे तेच नाव पडले. एका भांड्यात शिजते म्हणून सगळे जिन्नस कच्चेच आणि एकदमच त्यात पडले पाहिजेत, असा मात्र त्याचा अर्थ नाही. आपल्या पत्रात तीन वेगवेगळ्या चुका आहेत आणि तिन्हींची मुळे निरनिराळी आहेत.

आधी बटाट्यांचे पाहू, कारण ५० मिनिटे उष्णतेत राहूनही बटाटा कच्चा राहतो याचे नवल वाटणे साहजिक आहे. बटाट्याच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारे पेक्टिन नावाचे द्रव्य उष्णतेने सैल पडते, तेव्हा बटाटा मऊ होतो. पण भोवताली आंबट रस असेल तर ते सैल पडायला तयार नसते आणि चकती आतून कडकच राहते. आपण टोमॅटोच्या प्युरीत वर दोन चमचे व्हिनेगर घातले आणि त्यातच कच्च्या चकत्या बुडवल्या. आमटी करताना चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालायचे असते, ही गोष्ट आपल्या हाताला इतकी सवयीची आहे की त्यामागचे कारण आपण कधी विचारत नाही. तोच नियम इथे लागू होतो. बटाटा आधी उकडावा आणि आंबट रसाशी त्याची भेट नंतर घडवावी.

दुसरी चूक मांसाच्या निवडीची आहे, किंवा खरे सांगायचे तर निवड न करण्याची आहे. खाटकाकडे नुसते ‘बोनलेस द्या’ म्हटले की बहुधा खांदा किंवा मांडी मिळते. खांद्याचा स्नायू सतत राबणारा असल्यामुळे त्यात कोलॅजेन नावाच्या चिवट धाग्यांचे जाळे असते. ते वितळून जिलेटिन व्हायला केवळ उष्णता पुरत नाही, वेळही द्यावा लागतो, आणि ओव्हनच्या मंद आचेवर त्याला दीड-दोन तास सहज लागतात. आपल्या भांड्यातले तुकडे ५० मिनिटांत बहुधा शिजले होते, पण मऊ झाले नव्हते. शिजणे आणि मऊ होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि पहिलीवर थांबलेला खांदा दाताखाली रबरासारखा लागतो. याउलट पाठीचा भाग, ज्याला लॉइन म्हणतात आणि ज्याचे चॉप निघतात, तो अर्ध्या तासातच शिजतो, मात्र त्यात चरबी कमी असल्याने जरा जास्त वेळ राहिला की भुशासारखा कोरडा पडतो. घाईच्या दिवशी खिमा सर्वांत सोपा, यात वाद नाही. माझे मत मात्र खांद्याच्या बाजूने आहे. चव त्याच्यात असते आणि आपल्याजवळ प्रेशर कुकर आहे. कुकरच्या वाफेत तापमान १२० अंशांच्या आसपास जात असल्यामुळे ओव्हनला दीड-दोन तास लागणारे काम २० मिनिटांत उरकते.

तिसरी चूक पाण्याची. नवा लाल कांदा रसाळ असतो. कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्यात पाणी बरेच कमी असते आणि तो परतताना लवकर खरपूस होतो. लासलगाव हाकेच्या अंतरावर असलेल्या नाशिककरांना हा फरक मी समजावून सांगावा असे नाही, पण पाककृतीत नुसते ‘दोन कांदे’ असे लिहिलेले असते आणि आपण हाताला येतील ते दोन घेतो. शिवाय मांस गोठवलेले असेल आणि ते घाईने पाण्यात ठेवून सोडवले असेल, तर त्यातून सुटणारे लालसर पाणीही भांड्यातच येते. गोठवलेले मांस आदल्या रात्रीपासून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवून सोडवावे, साचलेले पाणी टाकून द्यावे आणि तुकडे कागदी रुमालाने टिपून कोरडे करावेत. ओला तुकडा कढईत टाकला तर तो परतला जात नाही, नुसता उकडतो.

आता कृती सांगते. ती दोन दिवसांवर विभागलेली आहे, आणि ती तशी विभागता येते हीच कॅसरोलची खरी सोय आहे.

चार माणसांसाठी ६०० ग्रॅम बिनहाडाचा खांदा घ्यावा आणि त्याचे साधारण ३ सेंटिमीटरचे तुकडे करावेत. कातडी काढून टाकावी, चरबी मात्र सगळी काढू नये. तुकड्यांना दीड छोटा चमचा मीठ, एक चमचा जाडसर कुटलेली मिरी आणि दहा ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या चोळाव्यात. लोखंडी कढईत चमचाभर तेल चांगले तापवून तुकडे दोन खेपांत परतावेत. एकदम सगळे टाकले की कढई थंड पडते आणि पाणी सुटते. तुकडा टाकल्यावर पहिली दोन मिनिटे तो ढवळू नये. सुरुवातीला तो कढईला चिकटून बसतो आणि ओढून काढावासा वाटतो, पण खालची बाजू पुरेशी तांबूस झाली की तो आपोआप सुटतो, आणि तीच त्याला उलटण्याची वेळ असते. परतलेले तुकडे कुकरमध्ये घालून कढईत एक वाटी पाणी ओतावे, तळाला लागलेले खरवडून तेही कुकरमध्ये ओतावे. तुकड्यांच्या वर एका छोट्या डब्यात तीन मध्यम बटाटे सालीसकट, अख्खे ठेवावेत. पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून २० मिनिटे ठेवावे आणि वाफ आपली आपण जिरू द्यावी.

हे काम आदल्या रात्री, जेवणानंतरची आवराआवर चालू असताना होते. मांस पसरट भांड्यात काढून निवू द्यावे आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. बटाटेही तसेच ठेवावेत. दुसऱ्या दिवशी पाहाल तर रस्सा गोठून थरथरणारी जेली झालेली असेल आणि वर पांढऱ्या चरबीचा थर जमलेला असेल. जेली हे कोलॅजेन वितळल्याचे चिन्ह आहे. वरची चरबी चमच्याने सहज निघते. त्यातली दोन चमचे बाजूला ठेवावी, कारण फोडणीसाठी तिच्याइतके चवदार दुसरे काही नाही.

संध्याकाळी सात वाजता घरी आल्यावर प्रथम ओटीजी १९० अंशांवर तापत ठेवावा. तोवर त्या चरबीत दोन उन्हाळ कांदे उभे चिरून सात-आठ मिनिटे परतावेत, दोन पिकलेले टोमॅटो बारीक चिरून घालावेत, एक चमचा लाल तिखट आणि अर्धा चमचा धणेपूड घालून तेल सुटेपर्यंत परतत राहावे. मग एक मोठा चमचा मैदा किंवा कणीक घालून मिनिटभर भाजावी आणि गोठलेला रस्सा, साधारण एक वाटी, त्यात सोडावा. रस्सा उकळून पळीच्या पाठीवर लेप धरू लागला की मांस घालावे, ते पुरते गरम होऊ द्यावे आणि अगदी शेवटी एक चमचा व्हिनेगर घालावे. हाच रस्सा पातळ राहिला तर आपली मागच्या वेळची तक्रार पुन्हा येईल, म्हणून इथे दोन मिनिटे जास्त गेली तरी चालेल. बटाटे सोलून त्यांच्या अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात. भांड्याला लोणी लावून तळाशी निम्म्या चकत्या पसराव्यात, त्यांवर मांस-रस्सा ओतावा आणि उरलेल्या चकत्या कौलांसारख्या एकीवर एक सरकवून रचाव्यात. सर्वांत वर दोन शिळ्या पावांचा चुरा, एक मोठा चमचा वितळलेले लोणी, मीठ आणि मूठभर कोथिंबीर एकत्र करून पसरावी.

सगळे आधीच शिजलेले असल्यामुळे ओव्हनला शिजवण्याचे काम उरलेले नाही. चवी एकजीव करायच्या आणि वरचा थर खरपूस करायचा, एवढेच राहिले आहे. त्यासाठी न झाकता २५ ते ३० मिनिटे पुरतात. कडेने रस्सा बुडबुडे काढत वर येऊ लागला आणि पावाचा चुरा सोनेरी झाला की भांडे बाहेर काढावे आणि दहा मिनिटे तसेच राहू द्यावे, म्हणजे रस्सा जागच्या जागी बसतो आणि वाढताना थर मोडत नाहीत. सात वीसला आत गेलेले भांडे आठला पानात येते, आणि मधल्या अर्ध्या तासात काकडीची कोशिंबीर व मुलांचा गृहपाठ दोन्ही उरकतात. वर चीज घालण्याची प्रथा आहे. मला ते इथे अनावश्यक वाटते, कारण पोर्कची चरबी पुरेशी असते. मुलांचा आग्रहच असेल तर थोडे घालावे. चॉपचा कॅसरोल करायचा झाला तर कुकरची पायरी गाळावी, चॉप दोन्ही बाजूंनी परतून याच थरांत ठेवावेत आणि आधी १५ मिनिटे झाकून, मग तेवढाच वेळ उघडे भाजावेत.

ओटीजीविषयी थोडे. त्याच्या बटणावरचा आकडा आणि आतले तापमान यांत १५-२० अंशांचा फरक असणे नेहमीचे आहे, म्हणून आत ठेवायचा छोटा तापमापक घेऊन एकदा खात्री करावी. वरची आणि खालची अशा दोन्ही सळ्या चालू ठेवून भांडे मधल्या फळीवर ठेवावे. १५०० वॉटचा ओटीजी साडेसहा ॲम्पिअर वीज ओढतो, त्यामुळे तो मिक्सरच्या साध्या सॉकेटला न लावता १६ ॲम्पिअरच्या सॉकेटलाच लावावा. काचेचे भांडे ओव्हनमध्ये चालणारे असले तरी तापमानातला अचानक फरक त्याला सोसत नाही. मी एकदा ओव्हनमधून काढलेले भांडे नुकत्याच पुसलेल्या ओल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवले. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला, तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि त्या रात्री आम्ही ऑम्लेट-पाव खाल्ला. तेव्हापासून गरम भांड्याखाली लाकडी पाट असतो. याच कारणासाठी सकाळी थर रचून फ्रिजमध्ये ठेवायचे असतील तर भांडे स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे घ्यावे, आणि भाजताना पहिली २० मिनिटे वर फॉइल लावून पुढची २० मिनिटे उघडे ठेवावे, म्हणजे मध्यभागापर्यंत वाफाळते गरम होईल.

आता सासूबाईंच्या शंकेकडे वळते. ती निराधार नाही, पण तिच्यात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. टेनिया सोलियम नावाचा पट्टकृमी डुकराच्या मांसात छोट्या पुटीच्या, म्हणजे पिशवीच्या, रूपात असू शकतो. असे मांस अर्धेकच्चे खाल्ले तर तो आपल्या आतड्यात वाढतो. मेंदूत गाठी होऊन फेफरे येण्याचा जो आजार आहे, तो मात्र मांसातल्या पुटीमुळे होत नाही. पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडलेली कृमीची अंडी दूषित पाणी, न धुतलेली भाजी किंवा न धुतलेले हात यांवाटे पोटात गेल्याने तो होतो. म्हणूनच पोर्कला कधी हातही न लावणाऱ्या माणसालाही तो होऊ शकतो, आणि कोबीत किडा असतो ही जी धास्ती घरोघरी असते तिचे मूळही इथेच असावे. तात्पर्य, मांस पूर्ण शिजवावे आणि सॅलडची पाने व हात वाहत्या पाण्याखाली नीट धुवावेत. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०११ पासून पोर्कच्या अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश सेल्सिअस आणि त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती पुरेशी मानली आहे, तर खिम्यासाठी ७१ अंश सांगितले आहेत. आपल्याकडे मांसाची तपासणी सर्वत्र सारखी होत नसल्याने मी सरसकट ७१ च्या वरच जाण्याचा आग्रह धरते. रंगावर विसंबू नये, कारण शिजलेले पोर्कही कधीकधी आतून गुलाबी दिसते. कुकरमध्ये २० मिनिटे शिजलेल्या खांद्याच्या बाबतीत ही काळजीच उरत नाही, असे सासूबाईंना अवश्य सांगावे.

प्रश्न : आम्ही नाशिकमध्ये राहतो आणि वाइन घालून केलेले पोर्क चांगले लागते असे ऐकतो. कॅसरोलमध्ये ती घालता येईल का? मुलांना ते चालेल का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : वरच्या कृतीत कांदा परतून झाल्यावर, टोमॅटो घालण्यापूर्वी, अर्धी वाटी कोरडी पांढरी वाइन घालून ती निम्मी होईपर्यंत उकळावी आणि मग शेवटचे व्हिनेगर वगळावे. आपल्याकडच्या द्राक्षांची चेनिन ब्लांक यासाठी उत्तम आहे. गोड वाइन मात्र घेऊ नये, रस्सा सरबतासारखा लागतो. वाइन शिजवली की अल्कोहोल सगळे उडून जाते, हा समज बरोबर नाही. अर्धा तास शिजल्यावरही मुळातल्या अल्कोहोलपैकी सुमारे एक तृतीयांश उरते. पूर्ण भांड्यात अर्धी वाटी म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ते अल्पच येते, तरीही मुलांच्या पानात वाढायचे असेल तर मी वाइन घालत नाही.

त्याऐवजी द्राक्षेच घालावीत. जानेवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत थॉम्पसनची बिनबियांची द्राक्षे मिळतात. त्यांतली वाटीभर, स्वच्छ धुऊन, भाजण्याची शेवटची १५ मिनिटे उरली असताना कडेच्या रश्शात दडपावीत. साल तडकते, रस रश्शात उतरतो आणि चरबीदार मांसाला जो आंबटगोडपणा हवा असतो तो आयताच मिळतो. यासाठी जरा आंबट, पुरती न पिकलेली द्राक्षे अधिक चांगली, म्हणजे घरी कोणी न खाल्लेला घड इथे कामी येतो.

प्रश्न : आमच्याकडे ओव्हन नाही, साधा मायक्रोवेव्ह आहे. हा पदार्थ गॅसवर होईल का? आणि उरलेला किती दिवस टिकतो?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : साध्या मायक्रोवेव्हमध्ये पदार्थ गरम होईल, पण वरचा थर खरपूस होणार नाही, त्यासाठी कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवा खेळवण्याची, सोय हवी. गॅसवर करायचे तर जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात इंचभर जाडे मीठ पसरून त्यावर तिवई ठेवावी, झाकण घालून १५ मिनिटे तापवावे आणि मग थर रचलेले स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे आत ठेवून मध्यम आचेवर ३५ मिनिटे भाजावे. काचेचे भांडे इथे वापरू नये. झाकणाखाली वाफ कोंडत असल्याने पावाचा चुरा त्यात मऊच राहील, म्हणून तो तव्यावर लोण्यात कुरकुरीत परतून वाढण्यापूर्वी वरून घालावा.

उरलेला कॅसरोल दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवला तर तीन दिवस चांगला राहतो. गरम करताना हवा तेवढाच भाग काढून घ्यावा आणि तो पूर्ण वाफाळू द्यावा. तेच भांडे पुन्हापुन्हा गरम करून परत फ्रिजमध्ये ठेवू नये. माझ्या घरी मात्र तो दुसऱ्या सकाळपलीकडे राहिलेला मला आठवत नाही. बटाटा आणि मांस काट्याने कुस्करून, तव्यावर थोडे परतून, गरम पावात भरून डब्यात दिले की डबा चाटूनपुसून परत येतो.